कोटावरची बोटं

मावशीच्या घरात संगणक आला तो पाण्याच्या ड्रमांच्या पाठोपाठ. आधी निळे ड्रम आले, मग पत्र्याच्या टाक्या, मग पिठाचे डबे सोडून घरातली सगळी भांडी पाण्याच्या कामाला लागली, आणि उरलेल्या जागेत तो संगणक बसवला. मुकुंदवाडीच्या पुढं, जिथं थोड्या वर्षांपूर्वी ज्वारी उभी असायची, तिथं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडले होते. त्यातल्याच एका प्लॉटवर मावशीचं दोन खोल्यांचं घर होतं. शहर आमच्या दाराशी आलं होतं, पण त्याचा नळ मागंच कुठंतरी थांबला होता. पाऊस तर त्या सालांत आमच्याकडची वाटच विसरला होता. टँकर एक दिवसाआड यायचा, म्हणजे यायला हवा असायचा. संगणकाची वायर पुरेल असं बटणांचं बोर्ड एकाच भिंतीवर होतं आणि त्या भिंतीला आधीच ड्रम लावलेले, म्हणून त्याचं टेबल दोन ड्रमांच्या मधोमध घुसवलं. खुर्चीत बसलं की दोन्ही कोपरं ड्रमांच्या झाकणांवर टेकायची. मला ते सिंहासनासारखं वाटायचं. मावशीला वाटायचं, पाणी आणि करंट इतके शेजारी नांदले तर एक दिवस सगळं घर चिकटून मरणार. ती संगणकावर टॉवेल पांघरायची, ड्रमांच्या झाकणांवर दगड ठेवायची, आणि त्या भिंतीजवळून जाताना घरातल्या घरात रबरी चपला घालायची.

मी लासूर स्टेशनजवळच्या आमच्या वस्तीवरून बारावी करून कॉलेजसाठी मावशीकडं राहायला आले होते. आमची दोन्ही घरं मेंढरांवर वाढलेली. काका, म्हणजे मावशीचे यजमान, तरुणपणी कळप घेऊन गोदावरीच्या काठानं पार पैठणच्या खाली जायचे. आता ते एका नव्या प्लॉटिंगवर वॉचमन होते. मोकळ्या जमिनीच्या चार कोपऱ्यांना चार दगड, मधे कापडी बोर्ड, आणि बोर्डाच्या सावलीत काका. "मेंढरं तरी हालायची," ते म्हणायचे. "हे प्लॉट राखायचं म्हंजी काय, ते पळून चाललेत का कुठं?" त्यांचा एकुलता एक मुलगा दत्तूदादा वाळूजच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये होता. दत्तूदादा फार कमी बोलायचा. येसराची आमटी चांगली झाली तरी तो "हं" म्हणायचा आणि करपली तरी "हं"च म्हणायचा. मावशी त्या दोन "हं"मधला फरक ओळखते असं सांगायची, पण मला तो कधी ऐकू आला नाही.

संगणक त्यानंच आणला होता. ज्याला संगणक येतो त्याला ऑफिसात बसायला मिळतं, असं त्याला कंपनीत कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं क्लासही लावला, पण रात्रपाळी करून क्लासला गेला की पडद्यासमोर बसल्या बसल्या त्याला झोप लागायची. शेवटी तिथल्या मॅडमनी त्याला प्रेमानं उठवून घरी पाठवलं, आणि त्यालाही ते बरं वाटलं. मग तो संगणक टॉवेलाखाली नुसताच बसून राहिला. दुकानदारानं त्यात पत्त्यांचा खेळ आणि फोटो सुधारायचं एक सॉफ्टवेअर भरून दिलं होतं. पत्त्यांचा खेळ मला दोन दिवसांत येऊ लागला. मग उरलं फोटोचं सॉफ्टवेअर.

ते सगळं इंग्रजीत होतं, सोबत पुस्तक नव्हतं आणि सांगायला माणूस नव्हता. पडद्याच्या डाव्या कडेला बारीक बारीक चित्रं उभी होती. त्यांच्यावर बाण नेला की इंग्रजी नाव दिसायचं, पण त्या नावांनी माझ्या डोक्यात काही उजेड पडायचा नाही, म्हणून मी त्यांना माझी नावं ठेवली. एक होतं दावं, कारण ते फोटोतल्या गोष्टीभोवती फिरवलं की ती बांधल्यासारखी व्हायची. एक काडी, एक शिक्का, एक खोडरबर. एक बादली होती, ती जिथं टेकवाल तिथं रंग ओतायची. पाण्याच्या त्या दिवसांत भरलेली बादली बघून मला आधी तीच उचलावीशी वाटली. घरात काकांचा एक फोटो होता, तो मी चौकातल्या सलीमभाईंच्या स्टुडिओतून फ्लॉपीत भरून आणला होता. बादली मी काकांवर उपडी केली. काका मेथीच्या जुडीसारखे हिरवेगार झाले. ते परत कसे आणायचे ते मला माहीत नव्हतं, म्हणून जे बटण सापडलं ते दाबलं, आणि ते नेमकं कायमचं साठवून ठेवायचं बटण निघालं.

मावशी मागं येऊन उभी राहिली होती. तिनं बराच वेळ बघितलं.

"ह्यांला कावीळ झाली काय गं, संगे?"

"कावीळ पिवळी असती, मावशी."

"मंग ही तिच्या म्होरची असंल."

मी किती समजावलं, पण पुढचे काही दिवस काकांना तेलाचा थेंब मिळाला नाही. ताक-भाकरी, भाकरी-ताक. काका ताटाकडं बघून म्हणायचे, "अगं, फोटो हिरवा झालाय, मी नाय." मावशी म्हणायची, "फोटो खोटं बोलत नाय." आता माझ्या भाचीच्या फोनमध्ये बोटानं नुसतं टिचकवलं की फोटोतला मागचा अख्खा माणूस नाहीसा होतो आणि तिथं समुद्र येतो. ती मला म्हणते, "तुम्हाला काय एवढं शिकावं लागलं त्यात?" मी तिला काकांचं ताक सांगते. तिला ते खोटं वाटतं.

शिकायला वेळही सलग मिळायचा नाही. लाईट जायची. लाईट गेली की टेबलाखालचा बॅटरीचा डबा टूंटूं करून ओरडायला लागायचा आणि मावशी जिथं असेल तिथून "आलं, आलं" म्हणत धावत यायची, जसं काही पाळण्यात कुणी रडतंय. त्यात गल्लीतून टँकरचा भोंगा वाजला तर संगणक, भाकरी, अभ्यास, सगळं तसंच टाकून पळायचं. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आणि टँकरचा भोंगा या दोन गोष्टी माझ्या डोक्यात अजून एकत्रच आहेत. तरी मी शिकत गेले. सगळ्यात जास्त दिवस मला पदर कळायला लागले. एकाच फोटोत एकावर एक असे पदर असतात, घडीच्या पोळीत असतात तसे, आणि प्रत्येक पदराशेजारी एक डोळा असतो. डोळा मिटला की तो पदर दिसेनासा होतो, पण जात नाही. हे कळेपर्यंत मी कितीतरी माणसं हरवली असं समजून नवी करत बसले होते.

पदर कळले आणि मला कोट सुचला. सलीमभाईंनी एका फ्लॉपीत गंमत म्हणून कापडाच्या जाहिरातीचं चित्र दिलं होतं. काळ्या कोटातला गोरापान माणूस, मागं उभी असलेली बाई, आणि बाईचा हात त्याच्या खांद्यावर. मी दावं घेऊन त्या माणसाचं डोकं सोडवलं, बाई सोडवली, मागचा पडदा सोडवला, आणि नुसता कोट टायसकट उरला. उरली ती फक्त बाईची बोटं, कारण ती कोटावरच टेकलेली होती. ती पुसली की कोटाला भोक पडायचं. मग मी काळोख करायचं एक हत्यार शोधून काढलं आणि ते बोटांवर इतकं घासलं की पडद्यावर बोटं दिसेनाशी झाली. त्या कोटाच्या वर पहिलं डोकं ठेवलं दत्तूदादाचं. मावशी बघून हरखली. "साहेब दिसतो गं," म्हणाली, आणि पडद्याला हात न लावता दुरूनच बोटं मोडून त्याची दृष्ट काढली.

नोकरीच्या अर्जाला फोटो लागायचा, आणि कोटातला फोटो असला तर बरा, असं सगळ्यांना वाटायचं. कोट कुणाकडंच नव्हता. बातमी गल्लीत फिरली. शेजारच्या कदमकाकू आपल्या भाच्याला घेऊन आल्या, मग टँकरवाला रमेश आला, मग कोण कोण. मी सगळ्यांच्या मानेखाली तोच कोट सरकवायची आणि फ्लॉपी सलीमभाईंकडं पाठवायची. छोट्या फोटोत खांद्यावर काहीतरी लालसर दिसायचं, पण ते कोटाचंच काहीतरी असेल असं लोक धरून चालायचे. रमेशला तर तो बिल्ला वाटला होता. तो म्हणाला, "मोठ्या कंपनीचा वाटतोय."

लग्नसराई जवळ आली तसे हेच फोटो मोठे होऊन निघाले. त्या सालांत मुलगी द्यायची म्हणजे लोक आधी पाणी विचारायचे. घर शहरात का, नळ आहे का, नळाला येतं का. आमच्या गल्लीत नळ नव्हता, पण पत्ता शहराचा होता, त्यामुळं पोरांचे फोटो गंगापूर-वैजापूरकडं भराभरा जाऊ लागले. दत्तूदादाचाही गेला. त्याच्या लग्नाचं मावशीनं फार मनावर घेतलं होतं. याआधी दोन ठिकाणी मुलीकडच्यांनी त्याला प्रश्न विचारले होते आणि त्यानं सगळ्यांना "हं" असं उत्तर दिलं होतं. दोन्हीकडून काही निरोप आला नाही. तेव्हा या वेळी माणूस नंतर, आधी फोटो पुढं करायचा असं ठरलं होतं.

एका दुपारी लाईट गेलेली होती. काका जेवायला घरी आले होते. मावशी सुशीला करत होती, भिजवलेले चुरमुरे शेंगदाण्याच्या कुटात परतून करतात ती. दत्तूदादा दुसऱ्या पाळीला निघायचा म्हणून दारात बुटाच्या नाड्या बांधत होता. तेवढ्यात पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ आले, मागं त्यांची मुलगी, हातात परीक्षेचं पॅड घेतलेली. गृहस्थांचं नाव भागिनाथराव, गंगापूरच्या अलीकडच्या गावचे. मुलगी अर्चना. तिची नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा शहरात होती, ती देऊन दोघं बस धरायच्या आधी आमच्याकडं वळले होते.

"आधीच सांगतो पाव्हणं," ते खाटेवर बसत काकांना म्हणाले, "हा बघायचा कार्यक्रम नाय. चौकशी हाय."

मावशीनं डोक्यावरचा पदर सारखा करून तांब्या पुढं केला. त्यांनी पाणी पिता पिता जवळच्या ड्रमावर टिचकी मारली, कलिंगड बघतात तशी, मग पलीकडच्या ड्रमावर. दोन्ही पोकळ वाजले. पिशवीतून तीन फोटो काढून त्यांनी खाटेवर ओळीनं ठेवले.

"हा तुमचा दत्तात्रय."

"व्हय," काका म्हणाले.

"हा इथलाच, टँकरवाला रमेश म्हणून."

"व्हय, व्हय."

"आन् हा तुमच्या शेजारणीचा भाचा."

"व्हय की," काका म्हणाले. तिन्ही पोरं ओळखीची निघाली याचा त्यांना आनंद झाला होता.

"तिघांचा कोट एकच हाय."

काका वाकले. "दिसतोय खरा."

"त्याचं मला काय नाय. दुष्काळाचं दिवस हायेत, माणूस मागून घालतो. माझ्या लग्नात मी चुलत्याचे जोडे घातले होते. पण ही बाई कोण?"

सगळे वाकलो. सलीमभाई छापताना प्रत्येक फोटो जरा उजळून छापायचे, कारण गिऱ्हाइकाला गोरं दिसायचं असतं. त्या उजेडात माझा सगळा काळोख धुऊन निघाला होता. दत्तूदादाच्या खांद्यावर चार नाजूक बोटं टेकलेली होती, लाल नखांसकट. तशीच रमेशच्या खांद्यावर. तशीच भाच्याच्या. मी ड्रमांच्या मधे सरकले.

"तिघांच्या खांद्यावर एकाच बाईचा हात," भागिनाथराव म्हणाले. "मुलीचा बाप हाय मी. इचारणार नाय का?"

काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "ही आमच्यातली नाय," ते विचार करून म्हणाले. "आमच्यात नखं रंगवत नायत."

मावशी दाराकडं वळली. "दत्त्या, कोण रं ही?"

दत्तूदादानं बुटावरून मान वर केली, फोटो बघितला, आणि सवयीनं म्हणाला, "हं."

मावशी मटकन खाली बसली.

मला बोलावंच लागलं. "मावशी, ती जाहिरातीतली बाई हाय."

"जाहिरातीतल्या बाईसंगं?" मावशीचा आवाज फाटला. "आरं, ती कशाला येईल तुझ्याकडं?"

मग मी सगळं सांगायला लागले. कोट खोटा आहे, डोकं खरं आहे, बाई कापली पण बोटं राहिली. जितकं सांगत गेले तितकं ते भयंकर होत गेलं. भागिनाथरावांनी मुलीला जरा मागं बसायला सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "मला तोंडी काय कळत नाय. दाखव."

"लाईट नाय."

"कवा येती?"

"आली की येती," काका म्हणाले.

म्हणून सगळे बसून राहिलो. दत्तूदादाची कंपनीची बस चुकली, त्यानं बूट काढून ठेवले. मावशीनं सुशीलाच्या ताटल्या फिरवल्या. अर्चनानं एकदा फोटो उचलून नखं निरखली आणि परत ठेवला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला.

टँकर आला की आमच्या गल्लीत पाहुणा-रावळा राहायचा नाही. मावशी बसल्या जागेवरून उठली आणि पहिली हंडी भागिनाथरावांच्याच हातात दिली. तेही खाटेवरचे फोटो खिशात घालून ती मुकाट्यानं घेऊन बाहेर आले. टँकरमधून रमेश उतरला, अंगात बनियन, डोक्याला टॉवेल. भागिनाथरावांनी काखेत हंडी धरून खिशातून फोटो काढला, फोटो बघितला, रमेश बघितला.

"तू रमेश ना?"

"व्हय. आपण?"

"गंगापूरकडून आलोय. मुलीचा बाप."

रमेशनं डोक्याचा टॉवेल काढून तोंड पुसलं, भांग नीट केला, आणि जे कधीच झालं नव्हतं ते केलं. टँकरचा जाड पाइप उचलून त्यानं आधी आमच्या ड्रमात सोडला. "मावशी, सगळं भरून घ्या," म्हणाला. पहिला ड्रम भरला, दुसरा भरला, टाक्या भरल्या, हंडे, कळशा, पातेली, चहाचं भांडंसुद्धा भरलं. अर्चनानं पॅड भिंतीवर ठेवलं, ओढणी कमरेला खोचली आणि पाइपाचा मधला भाग खांद्यावर घेतला. त्यांच्या गावातही टँकरच होता, तिला कुणी काही शिकवायला लागलं नाही. भागिनाथराव पाण्याच्या धारेकडं बघत काकांना हळूच म्हणाले, "जावयाकडं टँकर असला की मंग..." आणि पुढचं बोलले नाहीत. काकांना ते पुढचं सगळं कळलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

पण टँकर काही गोदावरी नव्हती. आमच्या दारातच त्यातलं बहुतेक पाणी संपलं. मागं ड्रम घेऊन उभ्या असलेल्या बायका एकदम बोलायला लागल्या. कदमकाकूंनी रमेशचा बनियन धरला. "माझ्या भाच्याचा फोटो बी त्याच घरी गेलाय, अन् तू पाणी ह्यांच्यात ओततोस व्हय रं?" रमेशनं बनियन सोडवला, चढून बसला आणि अर्धा पाइप रस्त्यावर लोळवत टँकर घेऊन निघाला. बायका पाइपामागं वळणापर्यंत धावल्या. भागिनाथराव ते सगळं बघत उभे होते. "ह्याला पाणी हाय पण ताळ नाय," ते म्हणाले.

या सगळ्या गोंधळात दत्तूदादा काय करत होता ते मला नंतर अर्चनानंच सांगितलं. तो आमच्या ड्रमातनं कळशी भरून कोपऱ्यावरच्या एका म्हातारीच्या ड्रमात ओतत होता. मग कदमकाकूंच्या. मग पुढच्या. कुणाला काही न सांगता येरझाऱ्या घालत होता, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मावशी ओरडली, "आरं, आपलं हाय ते." तो "हं" म्हणाला आणि कळशी उचलून गेला.

उन्हं कलल्यावर लाईट आली. सगळे संगणकापुढं गोळा झाले. तो सुरू व्हायला वेळ घ्यायचा, तेवढ्यात भागिनाथरावांनी टोपी नीट केली आणि मांडी घातली, कीर्तनाला बसल्यासारखी. मी दत्तूदादाचा फोटो उघडला.

"अंधारात काय दिसंना," ते म्हणाले.

अर्चना पुढं वाकली. "ह्याला उजेडाचं बटण असतंय," म्हणाली, आणि पडद्याच्या खालच्या कडेचं एक गोल बटण तिनं फिरवलं. पडदा लख्ख झाला. मावशीनं करंट वाचावा म्हणून ते बटण पहिल्याच दिवशी शेवटापर्यंत खाली करून ठेवलं होतं, आणि मी इतके महिने काळोखातच शिकत होते. माझ्याच पडद्यावर चार बोटं लाल नखांनी चमकत होती.

मी कोटाच्या पदराचा डोळा मिटला. कोट गेला, बोटंही गेली. दत्तूदादाच्या अंगात चौकटीचा विटका शर्ट आला.

"ऑं," भागिनाथराव म्हणाले. "पुन्हा घाल."

घातला.

"काढ."

काढला. असं बरेचदा झालं. त्यांचा चेहरा फुलत गेला. "म्हंजी बाई नुसती कोटाबरोबर येती अन् कोटाबरोबर जाती."

"व्हय."

"अजून काय काय निघतं ह्याचं?"

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी गोरेपणाचा पदर मिटला, दत्तूदादा सावळा झाला. भांगाचा मिटला, केस उभे राहिले. तोंडाचा मिटला. साहेब दिसावा म्हणून मी त्याचं तोंड दुसऱ्या एका फोटोतल्या तोंडानं बंद केलं होतं. ते गेलं आणि दत्तूदादा सगळे दात दाखवून हसायला लागला. शेवटी मागं आणि मानेभोवती पसरलेला निळा पदर मिटला तेव्हा खाली मूळ फोटो होता. लासूरजवळ चुलत्यांच्या कळपात काढलेला. दत्तूदादाच्या मानेभोवती एक कोकरू, त्याचे चारी पाय त्याच्या दोन्ही मुठींत, आणि हा तोंड फाडून हसतोय.

"हा कोण?" अर्चनानं विचारलं.

"दत्तूच," काका म्हणाले.

तिनं वळून दाराकडं बघितलं. तो भिजल्या पँटनं तिथं उभा होता. "एवढं हसताय कशाला ह्यात?" तिनं सरळ त्यालाच विचारलं.

मावशीनं डोळे मिटून घेतले. आता "हं" येणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दत्तूदादानं दाराची चौकट धरली.

"त्या कोकरानं तवाच पाठीवर मुतलं होतं," तो म्हणाला, "अन् चुलते फोटोवाल्याला म्हणत होते, थांब जरा, त्याला साहेबावानी उभा राहू दे. साहेबावानी कसं उभं राहणार? गरम गरम खाली चाललेलं."

त्याच्या तोंडून एवढं सलग मी पहिल्यांदा ऐकत होते. अर्चनानं ओढणी तोंडाला लावली. तिचे खांदे हलत होते. भागिनाथराव तर उघडउघड हसत सुटले, आणि काका, ज्यांना कोकराचं काही नवल नव्हतं, ते सगळे हसतात म्हणून हसत होते.

जाताना भागिनाथराव माझ्याशी थांबले. "पोरी, तुला हे शिकवलं कोणी?"

"कोणीच नाय."

"मंग रागवायचं तरी कोणाला," ते म्हणाले, आणि मावशीकडं वळून सुशीला अजून उरलीय का असं विचारलं.

निरोप काही दिवसांनी कदमकाकूंच्या फोनवर आला, आणि तो द्यायला कदमकाकू तोंड वाकडं करून का होईना, स्वतः आल्या. मुलीला पसंत आहे, बापाला पसंत आहे. घरात आजी आहे, भाऊबंद आहेत, त्यांना दाखवायला एक फोटो पाठवा. कोटाचा नको, कोकराचा.

मी त्याच संध्याकाळी बसले. मावशी शेजारी स्टूल घेऊन बसली, पायात रबरी चपला. ती एरवी माझ्याजवळ कधी बसायची नाही. फ्लॉपी आत घातली. पडदा आता लख्ख होता, आणि शर्टावरचा एक डाग स्वच्छ दिसत होता, अगदी बारीक, शिक्क्याच्या एका टिचकीचं काम. माझा हात संगणकाच्या उंदराकडं गेला.

"संगे," मावशी म्हणाली.

"डागच काढते, मावशी. एकच."

"नाय."

ती माझ्या हातावर नजर ठेवून होती, उतू जायला आलेल्या दुधावर ठेवतात तशी. फोटो फ्लॉपीत उतरल्या उतरल्या तिनं ती काढून घेतली, पदरात गुंडाळली आणि स्वतः चौकात निघाली. मी मागं मागं गेले. सलीमभाईंना कोटाची सगळी हकीकत कळली होती. "मेरेकू लगा बेटा, वो उंगलियां नया डिजाइन है," ते मला म्हणाले, आणि हसत हसत फ्लॉपी मशीनला लावली. मावशी काउंटरला टेकून उभी राहिली.

"उजळायचा नाय," ती म्हणाली. "हाय तसा छापा."

"काला आयेगा, भाभी."

"काळाच हाय त्यो," मावशी म्हणाली, आणि फोटो बाहेर येईपर्यंत तिथून हलली नाही.